फायरवॉलची कन्सोल जोडणी: यूएसबी केबलपासून लॉग-आउटपर्यंत

आतले नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये पहारा करणाऱ्या फायरवॉलच्या पेटीला अनेक तोंडे असतात. त्यांतली जवळजवळ सगळी नेटवर्कसाठी असतात, आणि एकावर 'कन्सोल' असे छापलेले असते. ते नेटवर्कच्या बाहेरचे असते. पेटीला आयपी पत्ता मिळालेला नसला, इंटरनेट बंद असले, व्यवस्थापनाचे वेब पान उघडत नसले किंवा आतली मुख्य प्रणालीच सुरू होत नसली, तरी या तोंडातून पेटी अक्षरांत बोलते आणि अक्षरांतच हुकूम घेते. लॅपटॉप आणि हे तोंड यांच्यात यूएसबीची केबल घालून असा संवाद सुरू करणे, म्हणजे यूएसबी सिरियल कन्सोल जोडणी.

तिची गरज तीन प्रसंगी पडते. पेटी नवी असताना तिची प्राथमिक मांडणी करायची असते. कधी एखादा चुकीचा नियम लिहिला जातो आणि तो लिहिणाऱ्याचाच प्रवेश बंद होतो. तिसरा प्रसंग सर्वांत वाईट. प्रणालीची नवी आवृत्ती भरत असताना वीज जाते आणि पेटी अर्ध्यावर अडकते. समोरचे दिवे लुकलुकत राहतात, पण आत काय चालले आहे ते बाहेरून कळायला मार्ग नसतो. ते सांगणारी जागा एकच, कन्सोल.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात या तोंडाचे मोल शहरापेक्षा जास्त आहे. बँकेची किंवा पतसंस्थेची शाखा, सेवा केंद्र, शाळेची संगणक खोली अशा ठिकाणच्या जोडणीची देखभाल करणारा माणूस बहुधा यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरला बसलेला असतो, आणि तो त्याच जोडणीवरून फायरवॉलमध्ये शिरतो. फायरवॉल अडली की त्याचा रस्ताही अडतो. मग गाडी काढून गावी येणे, नाहीतर पेटी एसटीने पाठवणे एवढेच उरते, आणि दोन्हींत एक दिवस सहज जातो. शाखेत कन्सोलची केबल आणि ती लावता येणारा एक माणूस असेल, तर हा दिवस वाचू शकतो. लॅपटॉपला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट द्यायचे, पडदा दूरच्या अभियंत्याला दाखवायचा, आणि कन्सोलच्या खिडकीत टंकन त्याने करायचे. गावातल्या माणसाला फायरवॉलचे शास्त्र यावे लागत नाही. योग्य तोंडात योग्य केबल गेली की त्याच्या वाट्याचे बरेचसे काम झाले.

ही गरज पुढे वाढणारच आहे. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली, २०१५ पासून ती योजना भारतनेट या नावाने चालते, आणि महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट म्हणून ओळखले जाते. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेणे हा या योजनांचा गाभा आहे. दुसऱ्या बाजूने सुरक्षेचे नियमही कडक होत आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट घालून दिली. ज्या खोल्यांत काल साधा मोडेम होता, तिथे आता फायरवॉल येऊ लागली आहे.

कन्सोलवर चालणारी संवादाची रीत टेलिप्रिंटरच्या काळातली आहे. आरएस-२३२ हे तिचे मानक अमेरिकेत १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक अक्षराचे बिट एका तारेवरून एकामागून एक जातात, म्हणून ही 'सिरियल' रीत. तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट असतील तर तो १, अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट असतील तर तो ०. संवादाला तीनच तारा अत्यावश्यक असतात: पाठवण्याची, घेण्याची आणि जमिनीची. एकाची पाठवण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या तारेला जोडावी लागते, म्हणून कन्सोलच्या केबलमध्ये तारांची अदलाबदल केलेली असते.

दोन्ही टोकांना एकच घड्याळ नसते, आणि या रीतीची खरी हुशारी इथे आहे. तार स्वस्थ असताना १ दाखवते. अक्षर सुरू होताना ती एका बिटापुरती ० वर येते आणि त्या क्षणी घेणारा आपले मोजमाप सुरू करतो. पुढे आठ बिटांचे अक्षर येते आणि शेवटी विरामाचा एक बिट येऊन तार पुन्हा १ वर जाते. प्रत्येक अक्षराला मोजमाप नव्याने सुरू होत असल्याने दोन्हीकडच्या घड्याळांत एक-दोन टक्क्यांचा फरक असला तरी बिघडत नाही. आठ बिट, तपासणीचा बिट नाही आणि विरामाचा बिट एक, या मांडणीला 'आठ-एन-एक' म्हणतात. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फायरवॉल हीच मांडणी वापरतात.

वेग बॉडमध्ये सांगतात. फ्रेंच तारायंत्र अभियंता एमिल बोदो याच्या नावावरून हे एकक आले. ९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. सुरुवातीचा आणि विरामाचा बिट धरून एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. ८० स्तंभ आणि २४ ओळींचा भरलेला पडदा यायला दोन सेकंद लागतात. ११५२०० बॉडला हेच काम सेकंदाच्या सहाव्या भागात होते. आजच्या हिशेबाने दोन्ही वेग संथच आहेत, पण या संथपणाबरोबर साधेपणा येतो. सिरियल तोंड चालवायला इतका छोटा प्रोग्रॅम पुरतो की वीज आल्यावर पेटीतला अगदी प्राथमिक बूट लोडरसुद्धा त्यावर लिहू शकतो. मुख्य प्रणाली, नेटवर्क कार्डे, वेब सर्व्हर हे सगळे नंतर जागे होते. जे सर्वांत आधी जागे होते, ते सगळे कोसळल्यावरही चालण्याची शक्यता सर्वाधिक असते. साठ वर्षांहून जुनी रीत आजच्या नव्याकोऱ्या पेट्यांवर टिकून आहे, ती यामुळे.

अडचण झाली ती लॅपटॉपच्या बाजूने. पूर्वी संगणकामागे नऊ पिनांचे डीबी-९ तोंड असे आणि केबल थेट त्यात जाई. यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये आले. इंटेलमध्ये ते घडवणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट अग्रभागी होते. पुढच्या काही वर्षांत लॅपटॉपवरून नऊ पिनांचे तोंड नाहीसे झाले. यूएसबीची रीत अगदी वेगळी आहे. तिच्यात संगणक मालक असतो आणि उपकरण त्याच्या विचारण्याला उत्तर देते. व्होल्टेज वेगळे, बिटांची मांडणी वेगळी. म्हणून दोन्हींच्या मध्ये भाषांतर करणारी एक चिप लागते.

ती चिप दोन ठिकाणी असू शकते, आणि जोडणीचा पुढचा सगळा अनुभव त्यावर ठरतो. पहिल्या प्रकारात चिप केबलमध्ये असते. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नेटवर्कच्या तारेला असतो तसा आरजे-४५ प्लग, आणि यूएसबीच्या टोकाच्या फुगवट्यात चिप. काही शे रुपयांत मिळणारी ही केबल आरजे-४५ कन्सोल असलेल्या बऱ्याच पेट्यांना चालते. दुसऱ्या प्रकारात चिप फायरवॉलच्या आत असते आणि बाहेर मिनी यूएसबी, मायक्रो यूएसबी किंवा टाइप-सीचे कन्सोल तोंड दिसते. त्याला साधी डेटा केबल पुरते. सिस्कोच्या एएसए ५५०६-एक्ससारख्या काही पेट्यांवर दोन्ही तोंडे दिलेली आहेत.

दुसरा प्रकार सोयीचा वाटतो, पण त्यात एक उणीव आहे. काही मॉडेलमध्ये आतल्या चिपला वीज फायरवॉलकडूनच मिळते. पेटी बंद करून सुरू केली की लॅपटॉपवरचे कन्सोलचे पोर्टही नाहीसे होते. ते परत येऊन खिडकी पुन्हा उघडेपर्यंत बूटच्या पहिल्या ओळी निघून गेलेल्या असतात, आणि बिघाडाच्या वेळी नेमक्या त्याच ओळी हव्या असतात. चिप केबलमध्ये असली की तिला वीज लॅपटॉप देतो, खिडकी उघडी राहते आणि पहिल्या अक्षरापासून सगळे दिसते. पेटीवर आरजे-४५ कन्सोल असेल तर दुरुस्तीसाठी केबलमधली चिपच अधिक भरवशाची.

केबल लावण्याआधी तोंडे ओळखावी लागतात, आणि इथे होणाऱ्या चुका महागात पडतात. फायरवॉलवर लॅपटॉपसारखे रुंद यूएसबी तोंड दिसले तर ते बहुधा पेन ड्राइव्ह किंवा डेटा कार्डसाठी असते. तिथे फायरवॉल स्वतः मालक असते, म्हणून दोन्ही टोकांना रुंद प्लग असलेली केबल घालून लॅपटॉप जोडू नये. दोन मालक समोरासमोर येतात, दोघेही पाच व्होल्ट देतात आणि एखादे तोंड जळू शकते. मायक्रो यूएसबीसाठी घरातली मोबाइलची केबल वापरताना ती फक्त चार्जिंगची नाही ना, हे पाहावे. अशा केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. लॅपटॉपला काहीच जोडल्याचे कळत नाही आणि शोधणारा तासभर ड्रायव्हरला दोष देत बसतो. त्याच केबलने मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर दिसतात का, एवढे पाहिले तरी शंका मिटते.

आरजे-४५ कन्सोलचे तोंड इथरनेटच्या तोंडासारखेच दिसते. त्यात चुकून नेटवर्कची तार गेली तर सहसा नुकसान होत नाही, कारण मानक पद्धतीने तारेतून वीज देणारा स्विच समोरचे उपकरण आधी तपासतो आणि मगच वीज सोडतो. पण छतावरच्या वायरलेस अँटेनाला काही ठिकाणी साध्या अडॅप्टरमधून २४ व्होल्ट दिलेले असतात. तो अडॅप्टर काहीही न तपासता वीज सोडत राहतो. ही तार कन्सोलमध्ये घातली तर तोंड कायमचे निकामी होऊ शकते. खेडोपाडी वायरलेस इंटरनेट सर्रास असल्याने अँटेनाच्या तारेला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवणे शहाणपणाचे. पेटी उघडून आतल्या सर्किटवरच्या पिनांना केबल जोडण्याचा मोहही टाळावा. त्या पिना बहुधा ३.३ व्होल्टच्या असतात, आणि आरएस-२३२चे व्होल्टेज त्यांना सहन होत नाही.

आरजे-४५ तोंडाच्या पिनांची सिस्कोची मांडणी इतरही अनेक कंपन्यांनी उचलली आहे. तिच्यात तिसरी पिन पाठवते, सहावी घेते, चौथी आणि पाचवी जमिनीच्या. फिकट निळ्या रंगाची चपटी केबल याच मांडणीची. वेगळी मांडणी असलेल्या पेट्याही आहेत, म्हणून पेटीबरोबर आलेली केबल खोक्यासकट फेकून देऊ नये. यूपीएसच्या सिरियल तोंडात मात्र ही केबल घालायचीच नाही. एपीसीच्या काही यूपीएसना वेगळ्या तारांची केबल लागते, आणि साधी केबल लावताच यूपीएस बंद होऊन सगळी खोली अंधारात जाऊ शकते.

चिप ओळखता आली की ड्रायव्हर शोधणे सोपे होते. चार नावे वारंवार भेटतात: स्कॉटलंडमधील ग्लासगोची एफटीडीआय, तैवानची प्रोलिफिक आणि तिची पीएल-२३०३, अमेरिकेतल्या सिलिकॉन लॅब्जची सीपी-२१०२, आणि चीनमधील सीएच-३४०. पहिल्या दोघींच्या नकला बाजारात भरपूर आहेत. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयने विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर पाठवला, की नकली चिपचा ओळख क्रमांक शून्य होई आणि केबल मुकी पडे. टीका झाल्यावर तो मागे घेतला गेला, पण ज्यांनी केबल विश्वासाने विकत घेतली होती त्यांचे काम अडले ते अडलेच. प्रोलिफिकच्या नव्या ड्रायव्हरने जुन्या चिपची साथ सोडली आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि 'कोड १०' दिसला तर बहुधा हेच कारण असते. शाखेसाठी केबल घेताना एफटीडीआय किंवा सिलिकॉन लॅब्जची अस्सल चिप असलेली घ्यावी. जास्तीचे पैसे पहिल्याच अडचणीत वसूल होतात.

ड्रायव्हर आधीच बसवून ठेवावा, आणि त्याची प्रत पेन ड्राइव्हवरही असावी. कन्सोलची गरज पडते तेव्हा इंटरनेट बंद असण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि मोबाइलचे सिग्नलही हवे त्या क्षणी मिळतेच असे नाही.

केबल लावल्यावर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून 'पोर्ट्स' या शीर्षकाखाली कॉम-३, कॉम-५ असा कोणता नवा क्रमांक आला ते पाहावे. केबल काढली की तो क्रमांक जायला आणि लावली की यायला हवा. दुसऱ्या यूएसबी तोंडात लावल्यास क्रमांक बदलू शकतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. लिनक्समध्ये सीएच-३४० किंवा एफटीडीआयसारख्या चिपचे पोर्ट 'टीटीवाय-यूएसबी-शून्य' अशा नावाने दिसते आणि ते वापरण्यासाठी वापरकर्ता 'डायलआउट' किंवा त्यासारख्या गटात असावा लागतो. उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीत एक विचित्र अडचण भेटते. अंधांसाठीचे ब्रेल फलक चालवणारा बीआरएल-टीटीवाय हा प्रोग्रॅम सीएच-३४० चिपला ब्रेल फलक समजून ताब्यात घेतो, आणि पोर्ट दिसून लगेच नाहीसे होते. ब्रेल फलक वापरात नसेल तर तो प्रोग्रॅम काढला की पोर्ट टिकते.

आता टर्मिनल प्रोग्रॅम. विंडोजवर पुटी, लिनक्सवर मिनिकॉम किंवा स्क्रीन. पुटीमध्ये जोडणीचा प्रकार 'सिरियल' निवडून पोर्टचा क्रमांक आणि वेग भरायचा. वेग कंपनीगणिक बदलतो. सिस्को, फोर्टिनेट, पालो आल्टो आणि ज्युनिपर यांच्या फायरवॉल सर्वसाधारणपणे ९६०० बॉडवर बोलतात. सोफोस एक्सजी ३८४०० वर, तर पीएफसेन्स या प्रणालीवर चालणाऱ्या नेटगेटच्या पेट्या ११५२०० वर. सोफोसने २०१४ मध्ये अहमदाबादची सायबरोम ही कंपनी घेतली आणि एक्सजीची प्रणाली त्या वारशातून आली, त्यामुळे सायबरोम हाताळलेल्यांना सोफोसचा कन्सोल ओळखीचा वाटतो.

पुटीच्या सिरियल पानावर आणखी एक रकाना आहे, 'फ्लो कंट्रोल'. घेणारा थकला तर पाठवणाऱ्याने थांबावे, यासाठीची ती व्यवस्था. पुटी आपणहून 'एक्सऑन-एक्सऑफ' निवडते. त्यात कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या गेल्या की पडदा गोठतो, आणि कंट्रोल-क्यू दाबेपर्यंत तसाच राहतो. फाइल जतन करायच्या सवयीने हात नेमका तिकडे जातो. 'आरटीएस-सीटीएस' निवडले आणि केबलमध्ये त्या जास्तीच्या तारा नसल्या, तर फायरवॉल लिहिते ते दिसते पण टंकलेले काहीच पोचत नाही. फायरवॉलच्या कन्सोलसाठी या रकान्यात 'नन' ठेवावे, हाच सुरक्षित नियम.

खिडकी उघडली की ती काळी आणि रिकामी असते. बिघाड झाला असे समजून ती बंद करणारे पुष्कळ असतात. फायरवॉलने जे लिहायचे ते केबल लागण्यापूर्वीच लिहिलेले असते आणि ती आता वाट पाहत असते. एन्टर एकदोनदा दाबल्यावर लॉगइनची ओळ येते. ती आली म्हणजे जोडणी झाली.

न आल्यास पडद्यावरच्या लक्षणावरून कारण ओळखता येते. वेडीवाकडी चिन्हे दिसत असतील तर केबल, चिप आणि पोर्ट सगळे बरोबर आहे, फक्त वेग चुकला आहे. ११५२०० ने बोलणारी पेटी ९६०० ने ऐकली तर एका बिटाच्या वेळात बारा बिट निघून जातात, म्हणून निरर्थक चिन्हे उमटतात. ९६००, ३८४०० आणि ११५२०० हे तीन वेग क्रमाने लावून पाहिले की बहुधा काम होते. पडदा पूर्ण रिकामा असेल तर पोर्टचा क्रमांक, तोंड आणि केबल याच क्रमाने तपासावे. सिस्कोच्या अनेक उपकरणांत यूएसबी आणि आरजे-४५ दोन्ही कन्सोल जोडलेले असले तर यूएसबीला प्राधान्य मिळते, त्यामुळे दुसऱ्या तोंडावर शांतता असू शकते.

केबलवरच संशय असेल तर तिची परीक्षा फायरवॉलशिवायही घेता येते. नऊ पिनांच्या टोकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेत, किंवा सिस्को मांडणीच्या आरजे-४५ टोकाच्या तिसऱ्या आणि सहाव्या पिनेत, बारीक तारेचा तुकडा लावून त्या एकमेकींना जोडाव्या. मग टंकलेले प्रत्येक अक्षर फिरून परत येते आणि पडद्यावर उमटते. तार काढल्यावर उमटणे थांबले, तर लॅपटॉप, ड्रायव्हर, चिप आणि केबल चारही ठीक आहेत आणि दोष फायरवॉलच्या बाजूला आहे. दोन मिनिटांची ही परीक्षा दूरच्या अभियंत्याला फोनवर सांगण्यासारख्या सर्वांत उपयोगी गोष्टींपैकी एक आहे.

संवाद सुरू होण्यापूर्वी पुटीमध्ये 'लॉगिंग' चालू करून सगळे एका फाइलमध्ये उतरवून घ्यावे. बूटच्या ओळी भराभर सरकतात, आणि मोबाइलवर काढलेल्या तिरक्या फोटोंपेक्षा ती फाइल अभियंत्याला शंभरपट उपयोगी पडते. नव्या पेटीवर पहिले काम पासवर्ड बदलण्याचे. फोर्टिनेटच्या फोर्टिगेट या फायरवॉलचा कारखान्यातला पत्ता बहुतेक मॉडेलवर १९२.१६८.१.९९ असतो, वापरकर्ता 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्ड रिकामा. ही माहिती जगजाहीर आहे, म्हणून पासवर्ड बदलल्याशिवाय इंटरनेटची तार लावू नये. त्यानंतर आतल्या जाळ्याचा पत्ता द्यावा आणि घड्याळ लावावे. सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी मिळवायचे असते, आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. घड्याळ चुकलेले असेल तर त्या लॉगला पुरावा म्हणून फारशी किंमत उरत नाही. एवढे झाले की बाकीची मांडणी वेब पानावरून करणे सोयीचे.

बिघडलेल्या पेटीत नवी प्रणाली भरताना कन्सोलकडून त्याच्या आवाक्याबाहेरचे काम करून घेऊ नये. ५० मेगाबाइटची फाइल ९६०० बॉडने पाठवायला चौदा तासांहून अधिक लागतील. म्हणून हुकूम कन्सोलवरून देतात आणि फाइल मात्र नेटवर्कच्या तारेने, टीएफटीपी नावाच्या साध्या पद्धतीने, लॅपटॉपवरून जाते. अशा वेळी लॅपटॉपला दोन केबल लागतात, एक यूएसबी आणि एक इथरनेट. फोर्टिगेट सुरू होताना कन्सोलवर कळ दाबायची सूचना क्षणभर येते. त्या क्षणी कळ दाबली की बूटचा मेनू उघडतो, आणि त्यातून जतन असलेल्या जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचीही सोय मिळते. पुष्कळदा एवढ्यानेच शाखा पुन्हा सुरू होते. हे काम चालू असताना फायरवॉल आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर हवेत. मे महिन्यातल्या भारनियमनात किंवा जूनच्या पहिल्या वादळात मधेच वीज गेली तर मूळ बिघाडात नवा बिघाड मिसळतो.

विजेचीच आणखी एक बाजू आहे. आरएस-२३२ आणि साधी यूएसबी या दोन्हींत जमिनीची तार थेट जोडलेली असते, मध्ये विलगीकरण नसते. इमारतीचे अर्थिंग नीट नसेल तर लॅपटॉपच्या चार्जरमुळे त्याच्या धातूच्या भागावर सौम्य वीज जाणवते आणि फायरवॉलच्या पेटीशी तिचा फरक पडतो. केबल लावताच तो फरक चिपमधून वाहतो. म्हणून केबल लावताना लॅपटॉप बॅटरीवर असावा आणि चार्जर काढलेला असावा. आकाशात विजा चमकत असतील तर हे काम पुढे ढकलावे.

कन्सोलचा हात जितका लांब, तितकाच तो चुकीच्या माणसाच्या हाती घातक. सिस्कोच्या अनेक उपकरणांत सुरू होताना कन्सोलवरून 'ब्रेक'चा संकेत दिला की पासवर्ड न मागता प्राथमिक अवस्था उघडते. फोर्टिगेटमध्ये विसरलेला पासवर्ड परत मिळवण्यासाठी कन्सोलपुरते एक खास खाते होते. पेटी बंद करून सुरू केल्यावर थोडाच वेळ ते चाले, आणि ७.२.४ या आवृत्तीपासून कंपनीने ते काढून टाकले. पेटीला हात लावता येणारा माणूस तिचा मालक होऊ शकतो, हे गृहीत धरूनच तिची जागा ठरवावी लागते. फायरवॉल काउंटरच्या मागे उघड्या फळीवर ठेवण्याची पद्धत अनेक लहान कार्यालयांत आहे. हवा खेळेल असे कुलूपबंद कपाट तिला हवे, कारण विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद लोखंडी पेटीत ती तापूनच थांबेल.

काम संपल्यावर केबल उपटून चालत नाही. तीन तारांच्या जोडणीत केबल निघाल्याचे फायरवॉलला कळत नाही, आणि उघडलेले सत्र तसेच उघडे राहते. सिस्कोच्या एएसएमध्ये कन्सोलची मुदत मूळ मांडणीत शून्य असते, म्हणजे सत्र आपोआप कधीच बंद होत नाही. पुढे जो कुणी केबल लावेल त्याला पासवर्डाविना व्यवस्थापकाचे सगळे अधिकार मिळतात. म्हणून आधी लॉग-आउट करायचे, लॉगइनची ओळ परत आलेली पाहायची आणि मगच केबल काढायची. पाच किंवा दहा मिनिटांची मुदतही मांडणीत घालून ठेवावी. नंतर केबल, ड्रायव्हरचा पेन ड्राइव्ह आणि पेटीचे मॉडेल, अनुक्रमांक व कन्सोलचा वेग लिहिलेला कागद त्याच कपाटात ठेवावा. पासवर्डाची जागा तिथे नाही. तो बंद पाकिटात, शाखाप्रमुखाच्या तिजोरीत.